ट्रायम्फ स्पीड ४०० मोटरसायकल : नवशिक्याला झेपंल का, जुन्याला पुरंल का? बीड-संभाजीनगर रोडवाल्याचा रिव्ह्यू

मायलेज आधी सांगून टाकतो, कारण पंपावर, सिग्नलला, कटिंगच्या दुकानात, अगदी दवाखान्याच्या पार्किंगमधी पण लोकांचा पहिला प्रश्न तोच, "किती देते?" तर भाऊ, निवांत ८० च्या आत चालवली की ३० च्या आसपास, ओढली की २५-२६, आणि संभाजीनगरच्या गर्दीत नुसतं गुलमंडी ते शहागंज करत बसलात तर त्याच्यापेक्षा पण कमी. टाकी १३ लिटरची, म्हणजे बीडहून संभाजीनगरला जाऊन माघारी यायला एका टाकीत भागतं आणि वर थोडं उरतं. परभणीकडच्यांनी आपला हिशोब वेगळा करावा, राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल परभणीचं ही बातमी आपण किती वेळा वाचली असंल. आणि ज्याला फक्त ॲव्हरेजच बघायचंय त्यानं इथंच थांबून स्प्लेंडर घ्यावी, टोमणा नाही मारायलो, त्या कामाला तिच्यासारखी गाडी नाही.

आता बाकीच्यांसाठी.

गाडी ट्रायम्फ स्पीड ४००, माझी लाल. मी कामाला वाळूजला, म्हणजे संभाजीनगरच्या एमआयडीसीत, आणि घर बीडला, त्यामुळं ही गाडी हायवेला जास्त आणि शहरात कमी चालते. आधी माझ्याकडं १५० सीसीची गाडी होती, चांगली होती, पण पाचोडच्या पुढं एखाद्या ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणलं की आधी गिअर टाक, मग मान खाली घाल, मग देवाचं नाव घे, असं चालायचं. घरी ४०० सीसी म्हणल्यावर आईचं एकच, "काय रेसला जायचंय का?" आणि वडील काहीच बोलले नाहीत, जे जास्त वाईट असतं.

ट्रायम्फ इंग्लंडची कंपनी, १९०२ पासून मोटरसायकली करते, पण ही गाडी बनते आपल्या चाकणला, बजाजच्या प्लांटमधी. दोघांची पार्टनरशिप जानेवारी २०२० ला पक्की झाली आणि गाडी भारतात आली जुलै २०२३ ला. वाळूजचा बजाजचा प्लांट १९८५ पासूनचा, आपल्याकडं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथं नाहीतर त्यांच्या व्हेंडरकडं कामाला असतंयच, त्यामुळं "ही वाळूजचीच ना?" असं मला बऱ्याच जणांनी छाती फुगवून विचारलं. नाही भाऊ, चाकणची. वाळूजचं त्यात काय असंल तर सुट्टे पार्ट असतील.

किमतीचं थोडक्यात सांगतो. आली तेव्हा एक्स शोरूम २ लाख ३३ हजार होती, पहिल्या १० हजार गिऱ्हाइकांना १० हजार कमी. ऑन रोड म्हणाल तर इन्शुरन्स, आरटीओ, थोडं फार सामान धरून तीन लाखाला टेकते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के झालाय आणि ३५० च्या आतल्यांना १८, हिचं इंजिन ३९८ चं, म्हणजे ही वरच्या खान्यात. त्यामुळं कुणी दोन वर्षापूर्वीची पावती दाखवून भाव सांगत असंल तर ऐकू नका, आजचा आकडा शोरूममधी विचारा आणि एनफिल्डच्या शोरूमला जाऊन ३५० च्या आतल्या बुलेटचा पण विचारा, फरक बघून मग घरी बोला.

कागदावर काय आहे ते एकदाच सांगतो, मग सोडून देतो. ३९८.१५ सीसी, एकच सिलिंडर, चार व्हॉल्व्ह, लिक्विड कूल (म्हणजे पाण्यानं थंड होणारं), ताकद ४० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) ८००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर ३७.५ न्यूटन मीटर ६५०० ला, सहा गिअर. वजन १७६ किलो, सीटची उंची ७९० मिमी. नुसते आकडे वाचून काय कळत नाही म्हणून असं बघा, स्प्लेंडरची ताकद ८ पीएस आणि वजन ११२ किलो, म्हणजे ताकद पाचपट आणि वजन दीडपटीच्या जरा वर. पण सीट किती उंच? स्प्लेंडर ७८५, ही ७९०. पाच मिमीचा फरक. त्यामुळं "पाय टेकतील का" हा प्रश्नच नाही, साडेपाच फुटाच्या आतल्या माणसाचे पण टेकतात. इंजिनला फिन, म्हणजे बाहेरच्या पात्या, दिलेत ते बघून लोकांना वाटतं एअर कूल आहे, पुढं रेडिएटर काळा असल्यामुळं पटकन दिसत नाही, फिन दिसायला म्हणून जास्त आहेत.

आता मुद्द्याचं.

४०० सीसी म्हणल्यावर नवीन पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना एकच भीती असते की ही गाडी झटका देणार, पुढचं चाक उचलणार, पोरगं फेकलं जाणार. तसलं काहीच होत नाही. ॲक्सिलरेटर केबलचा नाही, राइड बाय वायर आहे, म्हणजे मूठ पिळली की सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो आणि किती हवा-पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळं सुरुवातीचा ओढा एकदम गुळगुळीत. क्लच असिस्ट-स्लिपरवाला आहे, दोन बोटात दबतो. माझ्या चुलत भावानं, ज्याचा हात आयुष्यभर स्प्लेंडरवर, क्रांती चौकापासून बीड बायपासपर्यंत सिग्नल सिग्नल करत नेली आणि एकदा पण बंद पडू दिली नाही. दुसऱ्या गिअरमधी अगदी चालत्या माणसाच्या स्पीडला पण हळूच जाते, धक्के देत नाही. लायसनचं पण कसंय, आपल्याकडं गिअरच्या गाडीचं लायसन एकच, १८ पूर्ण झाले की १०० ची चालवा नाहीतर १००० ची, बाहेरच्या देशात असतं तसं टप्प्याटप्प्यानं मोठ्या गाडीवर जायची सक्ती नाही. म्हणजे कायद्यानं कालचा स्प्लेंडरवाला आज हिच्यावर बसू शकतो आणि गाडी पण त्याला बसू देते, काहीच कुरकुर करत नाही.

आणि माझ्या मते खरा धोका इथंच आहे.

त्याच भावाला मी अडूळच्या अलीकडं गाडी दिली, मी मागं बसलो. रस्ता मोकळा, चार पदरी, सकाळची वेळ. तो आपला मजेत, हेल्मेटच्या काचेतून पण बोलायलाय, "दादा, लई मऊ हाय की ही." मी त्याच्या खांद्यावरून काट्याकडं बघितलं तर काटा ११० च्या जवळ. मी विचारलं, "किती असंल स्पीड?" तर म्हणतो, "सत्तर-पंच्याहत्तर." स्प्लेंडरवर ७५ ला जेवढं हँडल थरथरतं, जेवढा आवाज होतो, जेवढी भीती वाटते, तेवढं सगळं हिच्यावर ११० ला पण होत नाही. इंजिनात थरथर मारणारा बॅलन्सर आहे, सहावा गिअर आहे, आवाज दबका आहे, म्हणून शरीराला पत्ताच लागत नाही. मीटर ॲनालॉग काट्याचं मोठं आहे ते बरंय, बाजूच्या छोट्या डिजिटल खिडकीत गिअर, पेट्रोल, आरपीएमची पट्टी असं सगळं बारीक बारीक दिसतं, पण काट्याकडं बघायची सवय लागेपर्यंत नवीन माणूस फसतोच.

हिशोब करून बघा. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७-२८ मीटर. कुत्रं आडवं आलं, डोळ्याला दिसलं, डोक्यात गेलं, हात ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद तर जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सत्तावीस-अठ्ठावीस मीटर संपले. आणि त्याच्या पुढं थांबायचं अंतर स्पीडच्या वर्गानं वाढतं, ६० च्या जागी १०० ला असाल तर जवळजवळ पावणेतीन पट. गाडी झटका देणारी असती तर पोरगं पहिल्याच दिवशी घाबरून जपून चालवायला लागलं असतं, ही घाबरवतच नाही. म्हणून नवीन पोराला ही गाडी घेऊन देणार असाल तर सीसीची काळजी सोडा आणि एकच गोष्ट करा, पहिला महिना हायवेला त्याच्या मागं स्वतः बसा आणि मधून मधून विचारत रहा, किती असंल आता? लई पिरपिर वाटते त्याला, वाटू द्या.

ब्रेक चांगले आहेत, हे मात्र सांगितलं पाहिजे. पुढं ३०० मिमीची एकच डिस्क, मागं २३०, दोन्ही चाकाला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम. मागच्या सीझनची गोष्ट. गेवराईच्या पुढं, दिवस मावळतीला, उसाच्या ट्रॉल्यांचा टाइम. ज्यांनी हा रोड सीझनमधी बघितला नाही त्यांना सांगतो, एका ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यावर दोन माणसं उंचीचा ऊस, मागचा लाइट असला तर उसाखाली झाकलेला, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं भरलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणं एवढं मोठं की तुमचा हॉर्न त्याला पुढच्या जन्मी ऐकू जाईल. मी नव्वदीत होतो, पुलाच्या चढावरून वर आलो आणि समोर हेडलाइटमधी एकदम उसाचे शेंडे लोंबताना दिसले, नुसते शेंडे, ट्रॉली नाहीच दिसली. दोन्ही ब्रेक आवळले, सहाव्यावरून धडाधड चौथ्याला आणलं, आणि इथं तो स्लिपर क्लच काय करतो ते कळलं. साध्या गाडीत एवढ्या पटापट गिअर खाली टाकले की मागचं चाक अडकल्यासारखं होऊन टणाटण उडतं, गाडी शेपूट हलवते. हिच्यात क्लच थोडा घसरून तो झटका खाऊन टाकतो, त्यामुळं गाडी सरळ रेषेत बसली. लिव्हरमधी एबीएसचं थोडं कुरकुर झालं. मग आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, चौथ्यालाच मूठ पिळली आणि दोन ट्रॉल्या आणि एक ट्रॅक्टर असा सगळा ऐवज मागं टाकायला श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. पैसे ह्या एका गोष्टीसाठी दिलेत असं मी समजतो. आपल्या रस्त्याला टॉप स्पीड कुणाला पाहिजे, ६० ते १०० पटकन पाहिजे.

एबीएस बंद करायची सोय हिच्यात नाही, ती ह्यांच्याच स्क्रॅम्बलर ४०० एक्स मधी आहे. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जागेवर घसरून फिरू न देणारी सोय, मात्र बंद करता येतो. शेतात जायच्या कच्च्या वाटेला, बारीक खडीवर, मागचा ब्रेक मारला की एबीएस सोडत-धरत राहतो आणि गाडी वाटतं त्याच्यापेक्षा पुढं जाऊन थांबते, तिथं हळूच जायचं हाच उपाय. ट्रॅक्शन कंट्रोल कशाला बंद करायचा मला कळलं नाही, मी कधी केला नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून रोडवर येतो आणि डांबरावर काळ्या मातीचा थर सोडून जातो, वरून पावसाची भुरभुर, मग ते लोणी होतं. अशा जागी चाक जरा फिरलं की कॉम्प्युटर ताकद कमी करतो, मीटरवर पिवळा दिवा लुकलुकतो आणि तुम्ही वाचता.

आता जुन्या खेळाडूंचं बोलू.

माझे मामा. राजदूतपासून बुलेटपर्यंत सगळं चालवलेले, ती पण जुनी बुलेट, जिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा, अजून पण मामांचा उजवा पाय कधी कधी नकळत गिअर शोधतो. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला, वेल्डिंग बघितलं, पेंट बघितला, नखानं वाजवून बघितलं, आणि म्हणले, "काम चोख केलंय." मग चालू केली आणि तोंड वाकडं. "भाच्या, हिला आवाजच नाही की रे." मी म्हणलं, मामा, चालवा तर खरं. मांजरसुंब्याचा घाट उतरून परत येतो म्हणून गेले ते बराच वेळ आलेच नाहीत, मामी दोनदा गेटपर्यंत जाऊन आल्या. आल्यावर हेल्मेट काढून पहिलं वाक्य, "वळणाला लई इमानी हाय." त्याच्यापुढं आवाजाचा विषय काढला नाही.

इमानी हा बरोबर शब्द आहे. पुढं ४३ मिमीचे उलटे शॉक आहेत, हँडल रुंद, चाकं १७ इंची, रेडियल टायर, पुढं ११०, मागं १५०. दौलताबादचा घाट, म्हैसमाळचा रस्ता, कन्नडचा घाट, जिथं जिथं नेली तिथं तिथं मनात आलं त्या रेषेत जाते, हँडलला जोर लावावा लागत नाही. कन्नडच्या घाटात चाळीसगावकडनं वर चढताना तिसऱ्या गिअरला टाकून ठेवायची आणि फक्त मूठ कमी-जास्त करत बसायचं, टॉर्क एवढा आहे की गिअर बदलायचा कंटाळा करता येतो. जुन्या माणसाला ह्या गाडीत काय मिळतं म्हणाल तर हेच, ती मधी मधी करत नाही. रोड-रेन असले चालवायचे मोड नाहीत, ब्लूटूथ नाही, नकाशा दाखवणारा टीव्ही नाही, मोबाइल चार्जिंगला टाइप सीचा एक पॉइंट आहे, बास. काही पोरांना हे कमी वाटंल. मला बरं वाटतं, बिघडायला एक गोष्ट कमी.

पुढच्या शॉकला सेटिंग काहीच नाही, मागच्याला फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग किती आवळायची तेवढं. सेटिंग थोडी कडक बाजूला आहे, ८० च्या वर एकदम मस्त बसते पण बिनरंगाच्या स्पीडब्रेकरला, जो आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर कुणीतरी रात्रीतून करून ठेवलेला असतो, कमरेला निरोप पोहोचतो. ज्यांना कमरेच्या मणक्याचा, एल फोर एल फाइव्हचा त्रास आहे त्यांनी आधी चालवून बघा. सिंगल सिलिंडर आहे, त्यामुळं आरपीएम वरच्या बाजूला गेला की मुठीत आणि पायाला झिणझिण्या येणार, त्याला इलाज नाही, सहाव्या गिअरला ९०-९५ ला चालवली की सगळं शांत. सप्टेंबर २०२४ च्या अपडेटमधी सीटचा फोम जाड केला आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर ॲडजस्ट करायची सोय दिली, त्यामुळं सेकंडहँड बघत असाल तर त्याच्या नंतरची बघा, लहान हाताच्या माणसाला लिव्हरचा फरक लई पडतो.

नेकेड गाडी म्हणजे पुढं काच नाही, फेअरिंग नाही, सगळा वारा छातीवर. डिसेंबरात सकाळी सहाला बीड सोडलं तर शहागडच्या पुलावर गोदावरीची थंडी बोटातून हाडात जाते. आणि मे महिन्यात ४२-४३ च्या पाऱ्यात वाऱ्याचा काहीच उपयोग नाही, झळा लागतात, जेवढा स्पीड जास्त तेवढी झळ जास्त, तोंडाला ओला रुमाल बांधला तर पाचोड येईपर्यंत वाळतो. ह्यात गाडीची काही चूक नाही, पण जे लोक यूट्यूबवर कोकणातले व्हिडिओ बघून नेकेड बुक करायलेत त्यांनी एकदा मराठवाड्याचा उन्हाळा आठवावा. शहरात सिग्नलला उभं राहिलं की फॅन चालू होतो आणि गरम हवा नडगीला लागते, जीन्स असली तर चालतं, हाफ पँटवाल्यांनी तक्रार करू नये, हाफ पँटवर ही गाडी चालवायचीच कशाला.

मागच्या माणसाचं आता. बायको एकदा मागं बसून संभाजीनगरपर्यंत आली, शहागडला चहाला उतरली तेव्हाच म्हणाली, "ही गाडी तुमच्या एकट्याची आहे." पुढचं सांगायला नको. मागची सीट बारकी आहे, गावात, जवळपास ठीक, पण बायको, मधी लेकरू आणि पायाशी पिशवी असा आपला जो नेहमीचा संसार गाडीवर निघतो त्याला ही नाही. सामानाचं पण तसंच. पेट्रोलच्या टाकीवर मॅग्नेटवाली बॅग नाहीतर मागं टेलबॅग बांधावी लागते. मी एकदा भूमकडनं येताना कुंथलगिरीचा खवा टेलबॅगमधी टाकून आणला, उन्हाळा नव्हता म्हणून निभावलं. गव्हाचं पोतं, खताची बॅग, कडब्याची पेंढी, ह्या कामाला घरी दुसरी गाडी असली पाहिजे. एकुलती एक गाडी म्हणून घेणार असाल तर दहादा विचार करा.

लोकल दुकानातून क्रॅशगार्ड बसवायचा असंल तर बोल्ट घट्ट आहेत का ते बसवणाऱ्याच्या समोर तपासा. एका दुकानदारानं मला अशी गॅरंटी दिली होती की काय विचारू नका आणि आठ दिवसात त्याचा गार्ड खुळखुळायला लागला. परत गेलो तर म्हणतो, रस्ता खराब आहे. वा रे वा.

काळी माती ही वेगळीच परीक्षा. पहिल्या पावसात शेताकडं नेली की टायर आणि पुढच्या मडगार्डच्या मधी चिखल बसत जातो, बसत जातो, आणि मग चाक फिरायचंच बंद होतं. ज्यांनी रानात गाड्या ढकलल्यात त्यांना माहितीय. मग काडी शोधा, उकरा, पुढं सरका. ही रोडची गाडी आहे, चिखलाची नाही, पेरणीच्या दिवसात हिला घरी ठेवा. धुताना प्रेशरचा पाइप रेडिएटरवर सरळ धरू नका, त्याच्या पातळ पात्या वाकतात, आणि पात्यात चिखल-किडे भरून ठेवू नका, हवा जात नाही मग इंजिन गरम होतं. चेन उघडी आहे, पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून ल्युब मारा, धुळीच्या रस्त्याला त्याच्या आधीच. ऑइलचा डबा घेऊन जळकं ऑइल चेनला लावणारी जमात आपल्याकडं अजून जिवंत आहे, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा.

सर्व्हिसिंगचा हिशोब लोकांना खरा वाटत नाही. पहिली १००० किलोमीटरला, त्यानंतर १६ हजार किलोमीटर नाहीतर एक वर्ष, जे आधी होईल ते. वॉरंटी दोन वर्ष, किलोमीटरची अट नाही. १६ हजाराचा आकडा ऐकून आमचा गल्लीतला मेकॅनिक हसला, म्हणला एवढं कुठं असतंय का, ऑइल तरी मधी बदला. पण गाडी त्याच्या हातात द्यायची नाही, तो माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, पण ह्या गाडीचा बिघाड स्कॅनर लावून वाचावा लागतो, कानानं आवाज ऐकून नाही. आणि मराठवाड्याची मेख इथं आहे. स्प्लेंडर, शाइनचा माणूस तालुक्याला, काही ठिकाणी मोठ्या गावात पण भेटतो, हिचा भेटत नाही. टायर ट्यूबलेस आहेत त्यामुळं पंक्चरची चिंता नाही, हायवेला कुणी पण काढून देतो, पण लिव्हर तुटला, सेन्सर गेला तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जावं लागणार. संभाजीनगरला राहणाऱ्याचं एक, पण किनवट, मुखेड, परंडा अशा बाजूच्या माणसानं बुकिंगच्या आधी कंपनीच्या साइटवर जवळचं सेंटर किती लांब आहे ते बघावं आणि तेवढं अंतर गाडी टेम्पोत टाकून न्यायची वेळ आली तर काय खर्च येईल ते पण धरावं.

दुसऱ्या गाड्यांचं विचारणार म्हणून पटकन सांगतो. केटीएमची ३९० ड्यूक जास्त ताकदीची, ४६ पीएस, टाकी १५ लिटर, क्लच न दाबता गिअर बदलायचा क्विकशिफ्टर पण येतो, पण ती सारखी चिथावत असते, "चल, चल" करते, विशीत मजा, पस्तिशीत दमवते. रॉयल एनफिल्डची गुरिल्ला ४५० ताकदीला बरोबरीची आहे, टॉर्क थोडा जास्तच, पण टाकी ११ लिटरची आणि वजन १८५ किलो. क्लासिक ३५० ची आणि हिची तुलनाच करू नये, तिची ताकद ह्याच्या निम्मी आहे पण बायको खूश, मागची सीट ऐसपैस, आणि ३५० च्या आतली असल्यामुळं टॅक्स पण कमी. ज्याला ताशी ७० च्या वर जायचंच नाही त्यानं तीच घ्यावी, खोटं कशाला बोला. आणि ह्यांचीच स्पीड टी ४ आहे, ३१ पीएसची, साधे शॉक, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आली तेव्हा २ लाख १७ हजार होती, खालच्या आरपीएमला चांगली ओढते. शहरातच फिरणार असाल तर ती पण वाईट नाही, पण माझ्यासारखं हायवेचं काम असंल तर वरचे पैसे देऊन ४०० च घ्या. बाकी समृद्धी महामार्ग बघून कुणी स्वप्न रंगवत असंल तर तिथं टू व्हीलरला परवानगीच नाही, जालन्याहून वर चढून नागपूरला सुसाट जायचा बेत डोक्यातून काढा.

टेस्ट राइडला जाताना दोन गोष्टी करा. शोरूमवाला गल्लीतल्या गल्लीत चक्कर मारून आणा म्हणंल, ऐकू नका, बायपासला न्यायचीच म्हणून सांगा, एखाद्या खराब स्पीडब्रेकरवरून मुद्दाम न्या, आणि रिकाम्या जागी एकदा जोरात ब्रेक मारून बघा, एबीएस लिव्हरमधी कसा जाणवतो ते आधीच माहिती असलेलं बरं, नाहीतर ऐन वेळेला लिव्हर कुरकुरला की घाबरून ब्रेक सोडणारे लोक मी बघितलेत. आणि जो माणूस रोज मागं बसणार आहे, बायको असो, मित्र असो, आई असो, त्याला सोबत न्या.